हाकेतले खोटे

गाडी रोह्याहून सुटली तेव्हा डब्यात तुळशीचा वास होता. ओल्या मातीचा, मंजिऱ्यांचा, हात लागून चुरडलेल्या पानांचा. थोडा तिखट, थोडा कापरासारखा. लोखंडाच्या आणि रात्रभर बंद राहिलेल्या बाकांच्या वासावरून तो धुतलेल्या हातासारखा फिरत होता. रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेली ती तुळस, दर रविवारी माझ्याबरोबर कामाला येणाऱ्या काकींनी मांडीवर घेतली होती. गाडी वळणावर कलली की त्या दोन्ही हात बादलीभोवती आवळत. कार्तिक होता, तुळशीचे लग्न तोंडावर आले होते.

“लग्न लावायला गावी नेता का?” मी विचारले.

“व्हय,” काकी म्हणाल्या. “लग्नच समज.”

कासू आले तशा त्या उठल्या. आधी बादली फलाटावर ठेवली, मग स्वतः उतरल्या. खिडकीपाशी येऊन म्हणाल्या, “आज कामाला नाय येत गो. बुवांना सांग, पुढल्या आयतवारी.” पुढे पेण येईपर्यंत तो वास डब्यात रेंगाळत राहिला आणि मी डोळे मिटून तो घेत राहिले. त्यावर मी एक कविता लिहिली. रोह्याच्या वाचनालयात वाचली. लोकांनी मान डोलावली, एका बाईंनी तर वहीत उतरवून घेतली. आज त्या कवितेची पहिली ओळ ओठांवर आली की माझी कानशिले तापतात.

आम्ही दोघी रविवारी सकाळच्या गाडीने पेणला जात होतो ते रूळ उचलायला. हे सांगितले की माझ्या महाविद्यालयातले सहकारी हसत. त्यांना वाटे, मी रेल्वेच्या रुळांविषयी बोलते आहे. पेणच्या पश्चिमेला, खाडीकडच्या एका गावात, बंद पडलेल्या मिठागरांतून जुन्या बंदरापर्यंत जाणारा एक अरुंद रूळ आहे. त्यावरून लोखंडी ट्रॉली हातांनी ढकलत मीठ होड्यांपर्यंत नेत असत. मिठागरे थांबली, होड्या थांबल्या, रूळ हळूहळू भंगारात जाऊ लागला. तेव्हा गावाने उरलेला तुकडा राखायचे ठरवले. खाडीचा बांध उधाणाने फुटला की घरटी एक माणूस बाहेर पडायचे, ही तिथली जुनी रीत; तीच रीत त्यांनी रुळाला लावली. ज्या घरात कुणी उरले नाही त्या घराच्या नावाने बाहेरचेही कुणी उभे राहू शकते, म्हणून माझ्यासारखी तिथे चालली. सणासुदीला पोरांना ट्रॉलीत बसवून बंदरापर्यंत नेतात. एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप. कारण खाजणातला, भरतीचे पाणी शिरणाऱ्या त्या जमिनीतला, चिखल दर उधाणाला रूळ गिळू पाहतो आणि पुन्हा पुन्हा तो वर काढावा लागतो.

रूळ वर काढण्याची रीत अशी. सगळ्यांनी ओळीने उभे राहून पहारी रुळाखाली घालायच्या. एकाने हाक द्यायची. हाकेच्या शेवटी सगळ्यांनी मिळून ‘हैसा’ म्हणायचे आणि त्याच श्वासात रेटा द्यायचा. रूळ उचलला गेला की दोघांनी चटकन खाली खडी सारायची. एकाचा जरी श्वास मागेपुढे झाला तरी सारा भार दुसऱ्याच्या मनगटावर येतो. हाक काकी देत. पोरवयात त्यांनी याच रुळावर ट्रॉली ढकलली होती. साठी उलटल्यावरही आवाज असा की पलीकडच्या बांधावरचे बगळे उडत.

“बुवा आमचा पिऊन आला, उचला गो... हैसा!”

बुवा म्हणजे गावातले भजनी. थेंबाला न शिवलेले. ते मान खाली घालून हसत आणि रेटा देत. मग कंपनीतली शिफ्ट संपवून थेट रुळावर येणाऱ्या आडदांड तरुणाची पाळी. त्याला सगळे ‘कंपनी’ म्हणत.

“ह्या पोराला वारा उडवी, उचला गो... हैसा!”

मग सगळ्यांचे जेवण रांधून आणणाऱ्या वहिनी, ज्यांच्या हातच्या भाताच्या वासाने दुपारी पावले आपोआप वळत.

“हिच्या हातचा भात करपला, उचला गो... हैसा!”

हाकेत खरे बोलायचे नाही, हा नियम. ज्याच्या मनाला जे लागेल ते हाकेत आणायचे नाही. जे सगळ्यांना खोटे म्हणून ठाऊक आहे तेच ओरडून म्हणायचे. मिठागरात उन्हाने तापलेली माणसे एकमेकांवर उखडू नयेत म्हणून कुणा शहाण्या बाईने ही रीत घातली असेल, असे मला वाटते. विचारल्यावर काकी म्हणाल्या, “खरं बोलाया दिवस पडलाय की.” आणि बोलले ते तिथेच सोडायचे. खडी सारून झाली की कुणीतरी म्हणेच, “हाकेतलं रुलाखाली.”

ज्याच्यावर हाक झाली तो त्या ओळीतला. पहिल्या हंगामात माझ्यावर एकदाही हाक झाली नाही. सगळ्यांची पाळी होई आणि माझ्या जागी नुसते ‘हैसा’. मी ‘मॅडम’ होते. मला पाणी आधी मिळे, सावलीतली जागा मिळे, हलकी पहार मिळे. दुसऱ्या हंगामापर्यंत काकी मला ‘गो’ म्हणू लागल्या होत्या, पण हाक नाही. एकदा धीर करून मी विचारले, “काकी, माझ्यावर का नाही?”

“तुज्यावर काय बोलू?” त्या म्हणाल्या. “खोटं बोलाया आदी खरं ठावं लागतं. तू काय सांगतंस? घरी कोन कोन इचारलं तर म्हनतंस, सगली हायत. सगली म्हंजे कोन गो? चांदोबा?”

सगळे हसले. मीही हसले. हाक मिळावी ही इच्छा मात्र त्या दिवसापासून तहानेसारखी माझ्यात बसली. एवढे शब्द मी आयुष्यभर लोकांवर लिहिले. माझ्यावर कुणी एक ओळ म्हणावी, चिखलात उभे राहून, ओरडून, धादांत खोटी, असे मला फार वाटू लागले.

तुळशीच्या त्या रविवारानंतर काकी रोह्याला गाडीत चढेनाशा झाल्या. कासूला चढू लागल्या. कासूजवळच्या एका गावात त्यांची बहीण दिलेली आहे. “आता हितूनच बरं पडतं,” असे त्या म्हणाल्या आणि मला त्या वाक्याचा उतार आवडला. पूर्वी त्यांच्या पदराला धुण्याच्या पावडरीचा वास असे; आता धुराचा, पेंढ्याचा, गोठ्याच्या ओलीचा येऊ लागला. मशेरीचा तेवढा तोच राहिला. हे सगळे मी टिपले. धूर किती जुना, पेंढा किती ताजा, हेही मला सांगता आले असते. तो वास कुठून आला हे मात्र मी विचारले नाही. गावाकडे शेतीची कामे असतील, भात झोडायचे असेल, असे स्वतःशीच म्हणून मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

पौषातल्या एका रविवारी काकींचा घसा बसला. पहारी रुळाखाली गेल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे हनुवटी उडवली. “आज तू दे गो हाक.”

“मॅडम, पुस्तकातली नको,” बुवा म्हणाले. “अर्थ लागेस्तोवर रूळ खाली जायचा.”

मी दिली. कंपनीला मी म्हटले की ह्याला भूक लागत नाही. त्याने सकाळीच वहिनींच्या डब्यातले अर्धे संपवले होते. हशा झाला, रूळ उचलला. बुवांना म्हटले की ह्यांना भजन आवडत नाही. पुन्हा हशा, पुन्हा रेटा. शब्द फेकावा आणि लोखंड हलावे, असे मी कधी अनुभवले नव्हते. मग काकींची पाळी आली.

त्यांच्याविषयी सगळ्यांत खरे काय, याचा मी क्षणभर विचार केला. सगळ्यांत खरे म्हणजे रोह्याजवळच्या वरशाचे घर. मुलाने घेतलेली सदनिका, तिसरा मजला, पुढे गॅलरी. पहिल्या हंगामात गाडीत बसल्या की त्या हेच सांगत. “बेल नाय वाजवावी लागत. माजी चप्पल जिन्यात वाजली की लेकानं दार उघडलंच.” हे त्यांनी इतक्यांदा सांगितले होते की तो चपलेचा आवाज माझ्या कानाला पाठ झाला होता. तेच मी उलटे केले.

“लेक हिचा दार न उघडी, उचला गो...”

कुणी ‘हैसा’ म्हटले नाही.

पहारी रुळाखाली तशाच होत्या. कुणाचा हात सुटला नाही, कुणाचा दाबला गेला नाही. बांधाच्या झडपेतून ओहोटीचे पाणी गळत होते, त्याचा आवाज एकाएकी फार मोठा झाला. चिखलात खेकड्यांच्या भोकांतून बुडबुडे फुटत होते, तेही ऐकू आले. मला वाटले, वृत्त चुकले. खरोखर असेच वाटले. ‘न उघडी’ हे जरा पोथीतले झाले, यांच्या तोंडी बसले नाही. वहिनी माझ्याकडे पाहत होत्या. कंपनी रुळाकडे पाहत होता.

मग काकींनीच, बसलेल्या घशातून, ‘हैसा’ म्हटले. आवाज नव्हताच, खरखर होती. पण तेवढ्यावर सगळ्यांनी रेटा दिला आणि रूळ वर आला. खडी सारली गेली. “हाकेतलं रुलाखाली,” असे त्या दिवशी कुणी म्हटले नाही.

जेवणाच्या वेळी काकी बांधावर लांब बसल्या. मी हात धुवायला गेले तेव्हा वहिनी पाणी ओतायला आल्या.

“तुला ठावं नव्हतं?” त्यांनी विचारले.

“काय?”

त्यांनी तांब्या थांबवला. “तिला काडली गो घरातनं. दिवालीनंतर. लेक बोलला, थोडं दिस मावशीकडं ऱ्हा. थोडं दिस झालं, ही गेली परत वरशाला. आत टीव्ही चालू. बेल वाजवली, वाजवली. पायरीवर बसली, मंग आली उठून.” त्या पुढे म्हणाल्या, आणि त्यात राग नव्हता, नुसते नवल होते: “एकाच डब्यात बसता ना गो तुमी दोगी?”

बसत होतो. एकाच बाकावर. त्यांची मशेरी मी दोन बाके ओलांडून ओळखली असती. रागावल्या की त्यांच्या बांगड्या कशा एकावर एक सरकतात, दुसरा श्वास पहिल्यापेक्षा किती लांब असतो, खाडीचे नाव घेताना त्यांची जीभ कुठे टेकते, हे मला ठाऊक होते. त्या कुठे निजतात हे ठाऊक नव्हते. रंगाच्या बादलीतली ती तुळस लग्नाला निघालेली नव्हती, घराबाहेर पडलेली होती; मांडीवर संसार घेऊन बसलेल्या बाईच्या शेजारी मी डोळे मिटून सुगंध घेत होते. आणि मग वाचनालयात उभी राहून, आवाज जरा खाली आणत, मी तो लोकांना वाटला होता.

परतीच्या गाडीत काकी कासूला उतरेपर्यंत खिडकीबाहेर पाहत होत्या.

पुढच्या रविवारी कासूच्या फलाटावर त्या नव्हत्या. कामावर बुवांनी हाक दिली, पण कुणावरच दिली नाही. नुसते ‘उचला गो, हैसा’, ‘उचला गो, हैसा’. रूळ सरळ आला. लोखंडाला काय, त्याला तेवढे पुरते. पण माणसे लवकर थकली. वहिनींनी मला सगळ्यांच्या आधी पाणी दिले, पहिल्या हंगामात देत तसे. मी ते पाणी प्याले तेव्हा त्याला भांड्याची चव होती.

त्याच्या पुढच्या रविवारी मी कासूला उतरले. विचारत विचारत त्यांच्या बहिणीच्या घरी गेले. घराच्या मागच्या बाजूला, गोठ्याला लागून, पत्र्याची पडवी होती. पडवीच्या कडेला ती बादली, तुळस वाढून बादलीबाहेर झुकलेली. काकी आणि त्यांची बहीण वालाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या. कोपऱ्यात गोधडी घडी करून ठेवलेली, उशाला पेटी. म्हणजे काकी इथे निजत.

“ये गो,” काकी म्हणाल्या. “गाडी चुकली काय?”

“ही का ती, हाकवाली?” बहिणीने मान वर न करता विचारले.

“गप बस.”

“काकी,” मी म्हटले, “मला माहीत नव्हते. मी फार—”

“चाय पिशील ना? दूद हाय.” त्या उठल्या. “आनि ते झालं. हाकेतलं रुलाखाली.”

“तुजं गेलं आसल रुलाखाली,” बहीण म्हणाली. “माजं नाय गेलं.” तिने एक शेंग कट्कन मोडली.

चहा आला. काकी समोर बसल्या, शेंगा पुन्हा मांडीवर घेतल्या. कुठल्या शेंगा मडक्यात भाजायच्या पोपटीला ठेवायच्या, कुठल्या दाण्याला, हे मला दाखवले. बहीण उठून गुरांकडे गेली. मग अगदी सहज, जसे गाडीत विचारत तसे, त्यांनी विचारले, “तुज्या घरी कोन कोन गो?”

या वेळी मी सांगायला हवे होते. बंद दाराशी दोन माणसे असतात. एक पायरीवर, एक आत. माझी आई भावाकडे असते. तिचा फोन वाजतो तेव्हा मी पुष्कळदा हातातले पुस्तक मिटत नाही. वाजू देते. हे सांगितले असते तर काकींनी मला उठवून लावले असते, किंवा नसते लावले. पण त्यांच्या हाती माझे काही खरे आले असते. चहाचा कप माझ्या हातात गार होत होता. तुळशीवरून वारा आला आणि तोच वास नाकाशी आला.

“सगळे आहेत,” मी म्हणाले.

काकींनी शेंगांवरची नजर उचलली. फार वेळ पाहिले नाही. “बरं,” म्हणाल्या, आणि पुढची शेंग घेतली. निघताना त्यांनी ओंजळभर ओला वाल माझ्या पिशवीत घातला. घरी आल्यावर तो मी सोलला, शिजवला आणि ताटात तसाच राहू दिला.

त्यानंतरच्या रविवारी कासूला गाडी थांबली आणि धुराचा, पेंढ्याचा, मशेरीचा वास डब्यात चढला. काकी माझ्या समोर बसल्या. घसा सुटला होता. पेणपर्यंत त्या उधाणाविषयी बोलत राहिल्या. रूळ बंदराच्या टोकाशी कसा बसला असेल, खडी पुरेल की नाही. मी ऐकत होते. नुसते ऐकत होते, टिपत नव्हते. निदान तसा प्रयत्न करत होते.

रूळ टोकाशी चांगलाच बसला होता. पहारी आत गेल्या. वहिनी माझ्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला कंपनी. काकी ओळीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि हाक सुरू केली. पलीकडच्या बांधावरून बगळे उडाले, तेव्हा बुवांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते मी विसरणार नाही.

“बुवा आमचा पिऊन आला, उचला गो...”

“हैसा!” एवढे मोठे की काकी मध्येच हसल्या.

“ह्या पोराला वारा उडवी...” हैसा. “हिच्या हातचा भात करपला...” हैसा. एकेक खोटे उभे राहत होते आणि एकेका खोट्यावर रूळ चिखलातून वर येत होता. मग बुवांनीच मध्ये आवाज घातला, “म्हातारी आमची मुकी झाली, उचला गो...” आणि काकींनी स्वतःवरच्या हाकेला सगळ्यांहून मोठ्याने ‘हैसा’ म्हटले.

आता माझी जागा होती. इथे नुसता रेटा येई, हे माझ्या मनगटांना सवयीने ठाऊक होते. त्यांनी पहार आधीच दाबायला घेतली. पण रेटा आला नाही. काकींनी श्वास घेतला, तो मला ऐकू आला. दुसरा, पहिल्यापेक्षा लांब. त्या माझ्याकडे पाहत होत्या, रागाने नव्हे; पडवीत शेंगांवरून नजर उचलून पाहिले होते तसे.

“ही कोन गो,” त्यांनी हाक दिली, “ही कोनाची?”

ओळ थांबली. पहारी रुळाखाली, सगळ्यांचे श्वास छातीत. मी मान खाली घातली. हाकेत खोटेच बोलायचे आणि ज्याच्यावर हाक झाली तो ओळीतला, हे दोन्ही मला ठाऊक होते, तेव्हा हाकेचा उरलेला एकच शब्द काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या:

“आपली.”